दौरा कुठवर आला? विली नेल्सन यांच्या वाटचालीचा आढावा

२१ जून २०२४ रोजी जॉर्जिया राज्यातल्या अल्फारेटा इथे 'आउटलॉ म्युझिक फेस्टिव्हल'चा उन्हाळी दौरा सुरू झाला, तेव्हा ज्यांच्या नावावर तो निघाला होता ते विली नेल्सन व्यासपीठावर नव्हते. वय ९१. तब्येत बिघडली होती आणि डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. मुलगा ल्युकस पुढे झाला, मागे वाद्यांवर नेहमीची मंडळी बसली आणि वडिलांची गाणी मुलाच्या आवाजात झाली. नंतरचे काही कार्यक्रमही तसेच पार पडले. ४ जुलैला न्यू जर्सीतल्या कॅम्डनमध्ये नेल्सन परतले, खुर्चीवर बसले, गिटार मांडीवर घेतली आणि गायले. २०२५च्या उन्हाळ्यात, ९२व्या वर्षी, ते बॉब डिलन यांच्यासोबत पुन्हा याच दौऱ्यावर होते.

अमेरिकी कंट्री संगीतात त्यांच्याहून भरदार गळ्याचे गायक पुष्कळ झाले. इतका काळ फिरत राहिलेला गायक मात्र क्वचितच. म्हणून त्यांच्याविषयीची चर्चा कोणतं गाणं चांगलं यापाशी थांबत नाही. सत्तरच्या दशकात त्यांनी केलं ते बंड होतं की चतुर विक्री? त्यांना कंट्री गायक म्हणावं का? शेतकऱ्यांसाठी उभ्या केलेल्या कामातून काय हाती लागलं? आणि नव्वदी ओलांडल्यावर गावोगाव गात फिरण्याचा अर्थ काय लावायचा? चरित्रकार, अभ्यासक आणि श्रोते यांच्यात यातले काही प्रश्न पन्नास वर्षं घोळत आहेत.

ॲबट गावचा पोरगा

टेक्सासमधल्या कापसाच्या टापूत ॲबट नावाचं लहानसं गाव आहे. तिथे २९ एप्रिल १९३३ रोजी, ऐन महामंदीत, विलीचा जन्म झाला. आईवडील लवकरच एकमेकांपासून वेगळे होऊन गाव सोडून गेले. विली आणि त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी बहीण बॉबी यांना आजीआजोबांनी वाढवलं. आजोबा लोहारकाम करत. विली सहा वर्षांचा असताना त्यांनी त्याच्या हाती गिटार दिली. बॉबी पियानोकडे वळली. आजोबा गेल्यावर घर आजीवर पडलं आणि मुलंही शेतात कापूस वेचायला जाऊ लागली. शेजारच्या ओळीत काळे आणि मेक्सिकन मजूर गात असत, ते विलीच्या कानावर पडे. रविवारी चर्चमधली भजनं, रेडिओवर बॉब विल्स यांचं नाचऱ्या चालीचं वेस्टर्न स्विंग आणि आसपासच्या चेक वस्तीत पोल्का. दहाएक वर्षांचा असताना अशाच एका पोल्का वाद्यवृंदात गिटार वाजवून त्याने पहिली बिदागी मिळवली, आठ डॉलर. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या मुलासाठी ही रक्कम केवढी असेल!

पुढच्या जवळजवळ प्रत्येक वादात हे बालपण पुराव्यासारखं मांडलं जातं. नेल्सन यांच्या गाण्यात जाझ, ब्लूज, भजन आणि पोल्का एकत्र कसे आले याचं उत्तर त्यांचे चाहते ॲबटमध्ये शोधतात, आणि ते बरंचसं खरं आहे.

मग हवाई दलात नऊ महिने, पाठदुखीमुळे घरवापसी, घरोघर जाऊन बायबल आणि ज्ञानकोश विकणं, रेडिओवर निवेदकाची नोकरी. १९५०च्या दशकाच्या शेवटी ह्यूस्टनला असताना पैशांची इतकी तंगी होती की 'फॅमिली बायबल' हे गाणं त्यांनी ५० डॉलरला आणि 'नाइट लाइफ' १५० डॉलरला हक्कांसकट विकून टाकलं. दोन्ही पुढे खूप गाजली. १९६०मध्ये ते कंट्री संगीताची राजधानी असलेल्या नॅशव्हिलला पोचले. गीतकार हँक कॉक्रन यांनी त्यांना पॅम्पर म्युझिक या कंपनीत आठवड्याला ५० डॉलरची नोकरी मिळवून दिली, आणि त्यासाठी आपली ठरलेली पगारवाढ सोडली. 'हॅलो वॉल्स' या गाण्याचे हक्क नेल्सन गायक फॅरन यंग यांना विकायला निघाले होते. यंग यांनी ते विकत घेतलं नाही, उलट उसने पैसे दिले. १९६१मध्ये यंग यांच्याच आवाजात ते कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी गायिका पॅट्सी क्लाइन यांनी नेल्सन यांचं 'क्रेझी' गायलं.

गीतकार म्हणून नाव झालं. गायक म्हणून मात्र दहा वर्षं काही जमेना. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून आरसीए कंपनीसाठी चेट ॲटकिन्स यांच्यासारख्या जाणकार निर्मात्याच्या हाताखाली त्यांनी अनेक अल्बम केले. तो काळ व्हायोलिनांच्या ताफ्याचा आणि मागे गुंजणाऱ्या समूहस्वरांचा होता. स्टुडिओतले वादक ठरलेले, तीन तासांत तीन-चार गाणी उरकायची. नेल्सन यांची गाण्याची रीत या साच्यात बसणारी नव्हती. ते शब्द मात्रेवर ठेवत नाहीत. ओळ उशिरा उचलतात, मग उरलेले शब्द बोलल्यासारखे म्हणत सम गाठतात. कधी आधीच पोचून वाद्यांची वाट पाहतात. शास्त्रीय गायन ऐकणाऱ्या मराठी कानाला यात नवल वाटणार नाही. नॅशव्हिलच्या स्टुडिओत मात्र ते लय चुकल्यासारखं वाटे.

'आउटलॉ': बंड की विक्री?

१९७०च्या सुमारास नॅशव्हिलजवळच्या रिजटॉपमधलं त्यांचं घर जळालं. आगीतून गिटार तेवढी वाचवली, ही कथा त्यांच्या प्रत्येक चरित्रात येते. त्यानंतर ते टेक्सासला परतले आणि १९७२मध्ये ऑस्टिनला स्थायिक झाले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ते आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स या सभागृहात गायले. नॅशनल गार्डच्या जुन्या शस्त्रागारात थाटलेलं हे सभागृह, आणि समोर लांब केसांची कॉलेजची पोरं व टोप्या घातलेले गुराखी शेजारी शेजारी बसलेले. व्हिएतनाम युद्धाने अमेरिका दुभंगलेली असताना हे दृश्य साधं नव्हतं. १९७३मध्ये ड्रिपिंग स्प्रिंग्ज इथे ४ जुलैची पहिली 'पिकनिक', म्हणजे खुल्या मैदानातली मैफल, भरली. नेल्सन यांनी दाढीकेस वाढवले, सूट गेला, डोक्याला रुमाल आला.

१९७५चा 'रेड हेडेड स्ट्रेंजर' हा यातला कळीचा अल्बम. कोलंबिया कंपनीशी करार करताना नेल्सन यांनी ध्वनिमुद्रणाचे सारे निर्णय स्वतःकडे ठेवून घेतले होते. डॅलसजवळच्या गार्लंडमध्ये त्यांनी आपल्याच वादकांसह, मोजक्या वाद्यांत, थोड्या पैशांत काम उरकलं. कंपनीतल्यांना ऐकून वाटलं की हा कच्चा नमुना आहे, पक्कं ध्वनिमुद्रण मागून येईल. पण करारापुढे त्यांचा इलाज नव्हता. त्यातलं फ्रेड रोज यांनी लिहिलेलं 'ब्लू आइज क्राइंग इन द रेन' हे नेल्सन यांचं गायक म्हणून पहिल्या क्रमांकावर पोचलेलं पहिलं गाणं. तेव्हा ते ४२ वर्षांचे होते.

एक पक्ष या घटनाक्रमाला मुक्तीची कथा मानतो. पत्रकार जॅन रीड यांनी १९७४च्या 'द इम्प्रॉबेबल राइज ऑफ रेडनेक रॉक' या पुस्तकात ऑस्टिनच्या या मेळ्याचं पहिलं सविस्तर चित्र काढलं, तेव्हापासून ही मांडणी रुजली: नॅशव्हिल म्हणजे कारखाना, ऑस्टिन म्हणजे मोकळं आवार. दुसरा पक्ष 'वॉन्टेड! द आउटलॉज' या १९७६च्या अल्बमकडे बोट दाखवतो. आउटलॉ म्हणजे कायद्याला न जुमानणारा फरारी. हा शब्द या संगीताला चिकटवण्याचं श्रेय नॅशव्हिलमध्येच प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या हेझल स्मिथ यांना दिलं जातं. अल्बमची कल्पना आरसीएच्या जेरी ब्रॅडली यांची. नेल्सन, वेलन जेनिंग्ज, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांची बरीचशी आधीच ध्वनिमुद्रित झालेली गाणी एकत्र करून, मुखपृष्ठावर जुन्या काळच्या फरारीच्या पत्रकासारखी मांडणी करून तो बाजारात आणला गेला. दहा लाख प्रतींचं अधिकृत प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळवणारा तो पहिला कंट्री अल्बम ठरला. बंडाचं दुकान ज्यांच्याविरुद्ध बंड होतं त्यांनीच मांडलं, असा या पक्षाचा मुद्दा आहे.

अलीकडच्या अभ्यासकांनी या दोन टोकांच्या मधली जागा शोधली आहे. ट्रॅव्हिस स्टिमलिंग यांच्या २०११च्या 'कॉस्मिक काउबॉइज अँड न्यू हिक्स' या पुस्तकात ऑस्टिनचं संगीत टेक्सासच्या जुन्या परंपरांशी आणि तिथल्या तरुणांच्या ओळखीच्या शोधाशी जोडून पाहिलं आहे. पुरावे नीट पाहिले तर 'आउटलॉ' हे नाव विक्रीचं होतं हे नाकारता येत नाही. पण आपल्या वादकांसह, आपल्या लयीत गाण्याचा जो हक्क नेल्सन यांनी करारात लिहून घेतला तो खरा होता, आणि त्यांच्यानंतर आलेल्या गायकांनाही त्याचा उपयोग झाला. या चर्चेत कराराच्या त्या कलमाकडे जितकं लक्ष जायला हवं होतं तितकं गेलेलं नाही. दाढी आणि रुमाल यांचीच वर्णनं फार.

कंट्री म्हणायचं कशाला?

१९७८मध्ये, 'आउटलॉ'ची लाट ऐन भरात असताना, नेल्सन यांनी 'स्टारडस्ट' काढला. निर्माते होते मेम्फिसच्या सोल संगीतातले ऑर्गनवादक बुकर टी. जोन्स आणि गाणी होती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली, ब्रॉडवेची आणि चित्रपटांची. ही जुनी गाणी आता कोण घेणार, अशी शंका कंपनीत होती. तो अल्बम कंट्रीच्या यादीत सुमारे दहा वर्षं टिकला. नंतर जमैकन रेगे झालं, विंटन मार्सालिस यांच्यासोबत जाझ-ब्लूज झालं, हुलिओ इग्लेसियास यांच्यासोबतचं गुळगुळीत युगुलगीतही झालं. २०२४मध्ये बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'मध्ये नेल्सन रेडिओ निवेदकाच्या भूमिकेत बोलताना ऐकू आले आणि कंट्री कोणाचं, हा वाद नव्याने पेटला.

एक मत असं की नेल्सन हे मुळात अमेरिकी लोकप्रिय गीताचे गायक. त्यांची खरी नाळ फ्रँक सिनात्रा आणि जाझ गिटारवादक जँगो राइनहार्ट यांच्याशी जुळते, कंट्री हा त्यांचा पत्ता. नेल्सन यांनी स्वतः या दोघांचं ऋण वारंवार मान्य केलं आहे. उलट मत असं की कंट्री संगीत जन्मापासूनच सरमिसळीचं आहे; बॉब विल्स यांच्या वाद्यवृंदात जाझ होतंच, तेव्हा नेल्सन यांनी परंपरा मोडली नाही, तिचा विसरलेला भाग परत आणला. १९९३मध्ये कंट्री संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'ने आणि २०२३मध्ये रॉक अँड रोलच्या 'हॉल ऑफ फेम'ने त्यांना सामावून घेतलं. संस्थांच्या पातळीवर हा वाद तिथे मिटल्यासारखा आहे.

बिऱ्हाड बसमध्ये

नेल्सन यांचं मुख्य काम कोणतं, याविषयी लिहिणारे बहुतेक जण अल्बमची यादी समोर ठेवतात. ती प्रचंड आहे. २०२५पर्यंत एकट्याच्या नावावरचे स्टुडिओ अल्बम पंचाहत्तरच्या पुढे गेले. पण त्या यादीच्या मागे जी व्यवस्था पन्नास वर्षं चालली ती पाहिल्याशिवाय हा गायक कळत नाही. रेकॉर्ड ही वाटेतली ठिकाणं. प्रवास हे त्यांचं खरं काम.

वाद्यवृंदाचं नाव 'द फॅमिली'. नाव शोभेचं नाही. १९७३पासून पियानोवर बहीण बॉबी होती. ड्रमवर पॉल इंग्लिश, १९६६पासून. काळे कपडे घालणारे आणि कमरेला पिस्तूल बाळगणारे इंग्लिश कार्यक्रमाच्या पैशांची वसुलीही करत. त्या काळी टेक्सासच्या नाचघरांचे मालक रात्र संपली की हात वर करत, त्यामुळे हे काम ड्रम वाजवण्याइतकंच महत्त्वाचं होतं. बास गिटारवर बी स्पिअर्स, विशीत यायच्या आधीच आलेले. ते २०११मध्ये वारले. माउथऑर्गनवर मिकी रॅफेल १९७३पासून आजतागायत. पॉल इंग्लिश फेब्रुवारी २०२०मध्ये गेले, बॉबी मार्च २०२२मध्ये. ही माणसं वर्षातले कित्येक महिने एकमेकांच्या शेजारी झोपली, जेवली आणि म्हातारी झाली.

बसचं नाव 'हनीसकल रोज'. एकीमागून एक अशा अनेक बसना हेच नाव मिळालं. ऑस्टिनजवळ नेल्सन यांची जमीन आहे, हवाईत माऊई बेटावर घर आहे. तरी त्यांना बसमध्येच झोप चांगली लागते असं त्यांच्या सोबतचे सांगत आले. गांजाचे ते जाहीर समर्थक. या बसची वाटेत झडती होऊन २००६मध्ये लुइझियानात आणि २०१०मध्ये टेक्सासच्या सिएरा ब्लँका नाक्यावर त्यांच्यावर कारवाई झाली होती.

आणि गिटार. १९६९मध्ये टेक्सासमधल्या हेलोटस इथल्या नाचघरात एका झिंगलेल्या माणसाचा पाय पडून त्यांची आधीची गिटार मोडली. नॅशव्हिलच्या शॉट जॅक्सन यांच्याकडून त्यांनी न पाहताच ७५० डॉलरला मार्टिन कंपनीची एन-२० ही नायलॉनच्या तारांची गिटार घेतली. मोडक्या गिटारीतला आवाज वाढवणारा भाग तिच्यात बसवून घेतला. जुन्या चित्रपटांतले गाणारे गुराखी रॉय रॉजर्स यांच्या घोड्यावरून तिचं नाव 'ट्रिगर' ठेवलं. अशा गिटारी बोटांनी वाजवायच्या असतात, म्हणून त्यांच्या लाकडावर संरक्षक पट्टी नसते. नेल्सन नखी वापरतात. हजारो रात्रींच्या आघातांनी मूळ भोकाशेजारी लाकूड झिजून दुसरं भोक पडलं. त्याच्या भोवती मित्रांच्या, वादकांच्या सह्या आहेत. तरी तिचा स्वर शाबूत आहे, कोरडा आणि थोडा नाकातला, अगदी मालकाच्या आवाजासारखा.

कार्यक्रमाची रीतही फारशी बदलली नाही. मागे टेक्सासचा भलामोठा ध्वज, सुरुवात जॉनी बुश यांच्या 'व्हिस्की रिव्हर'ने. मग पुढे आपलीच जुनी तीन गाणी एकाला एक जोडून. गाण्यांची यादी लिहिलेली नसते. नेल्सन गिटारवर पहिले सूर काढतात आणि बाकीचे ओळखून मागे येतात. डोक्याचा लाल रुमाल प्रेक्षकांत फेकायचा, कार्यक्रम झाल्यावर बसजवळ थांबून सह्या द्यायच्या. समीक्षकांचा एक गट याला साचलेपण म्हणतो: तीच सुरुवात, तीच गाणी, पन्नास वर्षं. दुसरा गट म्हणतो की गाणं तेच असलं तरी शब्द कुठे पडेल हे दोन रात्री सारखं नसतं, आणि ऐकण्याची गोष्ट ती आहे. १९७८मध्ये लेक टाहो इथे मुद्रित झालेला 'विली अँड फॅमिली लाइव्ह' आणि अलीकडच्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकली की दुसऱ्या गटाचं म्हणणं अधिक पटतं.

फिरणं हे या गाण्याच्या स्वभावातच आहे का, याची एक परीक्षा १९९२मध्ये झाली. मिसुरीतलं ब्रॅन्सन हे गाव तेव्हा कंट्री गायकांच्या कायमच्या नाट्यगृहांसाठी भरभराटीला आलं होतं. कलाकाराने एका जागी बसायचं आणि प्रेक्षकांनी बसगाड्या भरभरून तिथे यायचं. नेल्सन यांनीही तिथे बस्तान मांडलं. ते त्यांना मानवलं नाही. अल्पकाळातच ते पुन्हा रस्त्याला लागले.

या फिरण्याची किंमत घराने मोजली. चार लग्नं, त्यातली तीन मोडलेली. १९९१च्या नाताळात मुलगा बिली गेला. मुलगी सुझी हिने १९८७मध्ये वडिलांवर पुस्तक लिहिलं. रस्त्याचं कौतुक करणाऱ्या लिखाणात मुलांच्या बाजूने दिसणारा रस्ता फार कमी वेळा येतो, ही या साहित्यातली मोठी उणीव आहे.

सोळा दशलक्ष डॉलर

पैशांसाठी फिरतात का, या प्रश्नाला १९९०मुळे धार आली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकी करखात्याने (आयआरएस) त्यांची घरं, जमीन, स्टुडिओ यांवर जप्ती आणली. मागणी सुमारे १ कोटी ६७ लाख डॉलरची होती. कर वाचवण्याच्या ज्या योजनांत त्यांचे पैसे गुंतवले गेले होते त्या खात्याने अमान्य केल्या होत्या. मुलगी लाना हिने जप्तीआधीच ट्रिगर माऊईला हलवली. लिलावात निघालेली काही मालमत्ता मित्रांनी आणि शेतकऱ्यांनी विकत घेऊन त्यांच्यासाठी राखली. नेल्सन यांनी दिवाळखोरी जाहीर करायला नकार दिला. नुसता आवाज आणि ट्रिगर एवढ्यावर 'द आयआरएस टेप्स' हा अल्बम केला, फोनवरून मागणी घेऊन विकला आणि त्यातला वाटा सरकारला दिला. १९९३मध्ये तडजोड झाली.

यावरून एक गट म्हणतो की नंतरचे दौरे कर्जाच्या धाकाने सुरू राहिले. मात्र कर्ज फिटून तीन दशकं उलटली आणि दौरे थांबले नाहीत, हेही खरं. अधिक वजनदार युक्तिवाद वेगळा आहे: रेकॉर्डविक्रीचा धंदा बसल्यावर संगीतातला पैसा तिकिटांत गेला, आणि नेल्सन यांच्या नावावर वादक, तंत्रज्ञ, चालक अशी कितीतरी घरं चालतात. २०१६पासूनचा 'आउटलॉ' महोत्सव तर अनेक कलाकारांना एकत्र बांधून मोठ्या खुल्या रंगमंचांवर नेतो. नाचघराच्या मालकाकडून पॉल इंग्लिश वसुली करत तो धंदा आणि हा धंदा, दोन वेगळी जगं आहेत.

फार्म एड: चाळीस वर्षांनंतर

१३ जुलै १९८५ रोजी फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड' या मदत मैफलीच्या मंचावरून बॉब डिलन यांनी सुचवलं की जमलेल्या पैशांतला थोडा भाग अमेरिकेतल्या कर्जबाजारी शेतकऱ्यांना द्यावा. नेल्सन यांनी ते मनावर घेतलं. गायक नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प यांना सोबत घेऊन २२ सप्टेंबरला इलिनॉयमधल्या शॅम्पेन इथे पहिला 'फार्म एड' झाला. अवघ्या दहा आठवड्यांत. सुमारे ८० हजार लोक आले आणि ९० लाख डॉलरहून अधिक जमले.

तेव्हाचं संकट समजून घ्यायला हवं. सत्तरच्या दशकात धान्याची निर्यात वाढली, जमिनीचे भाव चढले, आणि बँकांनी व सरकारी सल्लागारांनी शेतकऱ्यांना कर्ज काढून शेती वाढवायला सांगितलं. दशकाच्या शेवटी व्याजदर कडाडले. १९८०मध्ये सोव्हिएत संघाला धान्य विकण्यावर बंदी आली, जमिनीचे भाव कोसळले. ज्या जमिनीवर कर्ज होतं तिची किंमत कर्जाहून खाली गेली आणि पिढीजात शेतं लिलावात निघाली.

टीकाकारांचा हिशेब सरळ आहे. एवढ्या कर्जापुढे मैफलीचे पैसे म्हणजे समुद्रात घागर. अमेरिकेत १९८५च्या सुमारास २३ लाखांच्या आसपास शेतं होती, २०२२च्या शेतीगणनेत ती सुमारे १९ लाख उरली. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांतच जवळपास १ लाख ४२ हजार शेतं कमी झाली. समर्थकांचं उत्तर असं की मदत रोख रकमेत मोजायची नव्हती. शेतकऱ्यांसाठी दूरध्वनी मदतवाहिनी सुरू झाली, स्थानिक संघटनांना पैसे मिळाले. नेल्सन आणि मेलनकॅम्प शेतकऱ्यांसह संसदेपुढे साक्षीला गेले, आणि १९८७च्या कृषी पतकायद्याने जप्तीच्या आधी कर्जाची फेररचना करण्याचा मार्ग मोकळा केला. संस्थेने आजवर ८ कोटी डॉलरहून अधिक उभे केले आहेत. या कायद्यात मैफलीचा वाटा किती आणि शेतकरी संघटनांच्या आंदोलनाचा किती, यावर एकमत नाही. एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे: त्या काळात मोठ्या मदत मैफली बऱ्याच झाल्या, पण वर्षानुवर्षं टिकून राहिलेली ही जवळपास एकटीच. सप्टेंबर २०२५मध्ये मिनियापोलिसला चाळिसावं वर्ष साजरं झालं तेव्हा नेल्सन तिथे गायले.

थकलेला आवाज

नेल्सन यांच्या फुप्फुसांचं दुखणं जुनं. १९८१मध्ये हवाईत पोहताना एक फुप्फुस निकामी होऊन त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं. ऑगस्ट २०१९मध्ये श्वासाच्या त्रासामुळे दौरा मध्येच सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी धूम्रपान सोडलं. २०२०मध्ये कोविडच्या साथीने बस टेक्सासमध्ये उभी राहिली. पुढे ते बसून गाऊ लागले. कार्यक्रम तासाभरावर आला, आणि काही गाणी मुलगे ल्युकस व मायका यांच्याकडे गेली.

या वयात गाणं कुठे थांबवावं, याचे निरनिराळे नमुने कंट्री संगीतातच दिसतात. जॉर्ज स्ट्रेट यांनी २०१४मध्ये निरोपाचा दौरा जाहीरपणे संपवला आणि नंतर मोजकेच कार्यक्रम केले. लोरेटा लिन यांचे दौरे २०१७मध्ये पक्षाघाताने थांबवले. ग्लेन कॅम्पबेल यांनी स्मृतिभ्रंशाचं निदान लोकांना सांगून, मुलांना वाद्यांवर घेऊन शेवटचा दौरा केला. जॉनी कॅश यांनी १९९७मध्ये दौरे सोडले आणि उरलेली वर्षं निर्माते रिक रुबिन यांच्यासोबत ध्वनिमुद्रणाला दिली. मर्ल हॅगार्ड २०१६मध्ये ७९व्या वाढदिवशी, घराशेजारी उभ्या असलेल्या आपल्या दौऱ्याच्या बसमध्ये वारले. नेल्सन यांनी निरोपाचा दौरा जाहीर केलेला नाही.

ज्यांना हे खटकतं त्यांचं म्हणणं दुर्लक्षण्यासारखं नाही. श्वास तोकडा झाला आहे, लांब सूर आता लागत नाही, आणि हजारो लोक ऐकायला येतात ते एका आठवणीला, असं ते सांगतात. त्यात मोठ्या कंपन्यांचं आर्थिक हित गुंतलेलं असताना म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवून नेणं कितपत योग्य, हा त्यांचा प्रश्न आहे. दुसरी बाजू सांगते की नेल्सन यांचा गळा कधीच ताकदीचा नव्हता. त्यांची भिस्त शब्द ठेवण्यावर होती, आणि ते वयाने कमी होत नाही. श्वास पुरत नाही म्हणून ओळ तुटते, पण तुटते तिथे अर्थ वेगळा लागतो. निर्माते बडी कॅनन यांच्याशी फोनवरच्या संदेशांतून ओळींची देवघेव करत लिहिलेली 'लास्ट मॅन स्टँडिंग'मधली गाणी आणि मायकाने निर्मिलेला २०२४चा 'लास्ट लीफ ऑन द ट्री' मृत्यूविषयी इतक्या शांतपणे बोलतात की या पक्षाला बळ मिळतं. ही गाणी पन्नाशीतल्या नेल्सन यांना अशी गाता आली नसती.

काय उरलं आहे

अभ्यासकांपुढची पहिली अडचण साधनांची आहे. जो नेल्सन यांचं आयुष्य सांगतो तो बहुधा नेल्सन यांच्याच शब्दांत सांगतो. १९८८चं बड श्रेक यांच्यासोबतचं आत्मचरित्र, २०१५चं डेव्हिड रिट्झ यांच्यासोबतचं, मग बॉबी आणि पॉल इंग्लिश यांच्यावरची पुस्तकं. त्यांच्याबाहेर जाऊन गावोगावच्या माणसांना विचारत लिहिलेलं जो निक पॅटोस्की यांचं २००८चं चरित्र अजूनही सर्वांत भरवशाचं आहे, पण त्यानंतरची वर्षं त्यात नाहीत. बॉबी, इंग्लिश, स्पिअर्स, हॅगार्ड, २०२४मध्ये गेलेले गायक-गीतकार क्रिस क्रिस्टॉफरसन अशी साक्षीदारांची पिढी संपत आली आहे. २०१४मध्ये नेल्सन यांचा काही संग्रह टेक्सास विद्यापीठाच्या ब्रिस्को सेंटरकडे गेला. त्यात कागद, फोटो, पत्रं असतील. हजारो रात्रींचं गाणं त्यात मावणारं नाही, आणि ते सलगपणे ऐकून या बदलत्या लयीचा अभ्यास करण्याचं काम अजून कोणी हाती घेतलेलं नाही.

दुसरा प्रश्न 'फॅमिली'चा. अल्फारेटातल्या रात्री नेल्सन यांच्याशिवाय ती वाजली आणि लोक उठून गेले नाहीत. ल्युकसचं स्वतःचं गाणं आणि स्वतःचे दौरे आहेत, मायकाचा मार्ग त्याहून निराळा. लिहिलेल्या यादीशिवाय, गिटारच्या पहिल्या सुरावरून मागे जाणाऱ्या या वाद्यवृंदाने तो पहिला सूर कोणाकडून घ्यायचा, हे ठरलेलं नाही.

ट्रिगर मात्र दौऱ्यांच्या मधल्या काळात ऑस्टिनला कारागीर मार्क अर्लवाइन यांच्याकडे जाते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून तेच तिची देखभाल करतात. आतल्या पट्ट्या तपासायच्या, तडे सांधायचे, भोकाच्या कडांवर लाखेचा हात द्यायचा, सह्या पुसू द्यायच्या नाहीत. काम झालं की ती पेटीत बंद होते आणि पेटी बसमध्ये चढते.